बायोडाट्यावरचा पत्ता

माझ्या नवऱ्यानं माझी ई-मेल एकदा जेवताना सासूला वाचून दाखवली होती. मैत्रिणीला लिहिलेली. ‘मला इथं राहवत नाही गं’ एवढंच होतं तीत, पण हा एकेक शब्द चावून वाचत होता आणि सासू भाकरी मोडता मोडता ऐकत होती. मी हातातला घास हातातच धरून बसले. ह्याला माझा पासवर्ड कळला कसा? नंतर समजलं, कळायची गरजच नव्हती. त्याच्या कॉम्प्युटरवर मी एकदा लॉगिन केलं होतं आणि तिथल्या ब्राउझरनं पासवर्ड आपणहून जपून ठेवला होता. ताटं उचलल्यावर मार बसला तो बसलाच, पण खरं सांगते, माराआधी त्या वाचण्यानंच माझं अंग गार पडलं होतं.

पुढं वर्षाच्या आत मी गडहिंग्लजहून पहाटेची एसटी धरली आणि कोल्हापुरात मावशीकडं आले. मावशी विधवा, शिवणकाम करायची, आणि नुकतीच कळंब्याला राहायला गेली होती. ते घर माझ्या सासरच्यांनी पाहिलं नव्हतं, हेच माझं नशीब. मी कोल्हापुरात आहे एवढं नवऱ्याला कळलं होतं. कुठं, ते नाही. माहेरी जाऊन तो दोनदा धिंगाणा घालून आला. दुसऱ्या खेपेला माझ्या भावाचा हात मोडला. आणि हाच माणूस कोर्टात अर्ज टाकून बसला होता, की माझी बायको नांदायला यावी, मी तिला सुखात ठेवीन! मी घटस्फोट मागितलेला, कोर्टाच्या कागदांवर पत्ता माहेरचा. तारखेला गेले की परतताना मुद्दाम दोन रिक्षा बदलायची. त्याला पत्ता कळला तर माझी धडगत नव्हती, हे मला ठाऊक होतं आणि मावशीलाही.

शहरात एका कॉम्प्युटर क्लासमध्ये मला शिकवायचं काम मिळालं. दोन हजार सालानंतरचे दिवस ते. गल्लोगल्ली क्लास निघाले होते. क्लासच्या सरांनी एक जुनं मशीन मोडीत काढलं ते मी घरी आणलं, आणि मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यात विंडोजऐवजी लिनक्स टाकलं. मोडेम चालेना, आवाज येईना, पडदा एकदा काळा झाला तो संध्याकाळपर्यंत काळाच. पण चालू झाल्यावर त्यानं माझं नाव विचारलं, पासवर्ड विचारला, आणि माझ्या फायली माझ्याशिवाय कुणी उघडू नयेत अशी सोय करून दिली. माझ्या फोल्डरला ती परवानगीची कमांड पहिल्यांदा दिली तेव्हा मी हसले. सासर सोडल्यापासून पहिल्यांदा. बायका माहेरी गेल्यावर मोकळ्या होतात, मी त्या काळ्या पडद्यापुढं झाले.

मावशीला हे थेर वाटायचे. “घरात माणसं दोन आणि कुलपं धा!” म्हणायची. मी कुठल्या वेबसाइटवर खरा पत्ता भरत नसे, सायबर कॅफेत बसले तर उठताना सगळं पुसून यायची. मावशी म्हणायची, “तुझ्या त्या पेटीत हाय तरी काय एवढं? सोनं?”

तिचं डोकं दुसरीकडंच चालायचं. एके दिवशी म्हणाली, “बायोडाटा करून ठेव की तुझा. केस आज ना उद्या संपंल. स्थळं आत्तापास्नं बघाय नकोत?”

मी फणकारले. “अजून एकातून सुटले नाही आणि तू दुसरं बघतीस? मी नाही करणार, आणि माझ्या कॉम्प्युटरवर तर नाहीच नाही.”

“नको करूस जा,” म्हणाली, आणि पुन्हा विषय काढला नाही. मला वाटलं, मिटलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, एका रविवारी सकाळी दारात जीप थांबल्याचा आवाज आला. मावशी आतल्या खोलीत कापड बेतत होती. कडी वाजली. मी केस पुसत पुसत दार उघडलं.

समोर माझा नवरा. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. मागं सासू, हातात पिशवी, पिशवीतून नारळाची शेंडी बाहेर आलेली.

देवाशप्पथ, मला वाटलं मला वेड लागलं. आतून मावशी खणखणीत आवाजात ओरडली, “कोण हाय गं? पावणं आल्यात व्हय? बसवून घे की!”

“अगं बया,” सासू म्हणाली, “ही हितं कशी?”

म्हणजे ते मला शोधत आलेच नव्हते! त्यांची तोंडंही माझ्यासारखीच पांढरी पडली होती. सासू हातातल्या कागदाकडं बघायची, दाराकडं बघायची, पुन्हा कागदाकडं. मी तो कागद तिच्या हातातून ओढला. मुलीचा बायोडाटा. फोटो कुणा कोवळ्या पोरीचा, नाव तिचं, शिक्षण तिचं, मामाचं कुळ तिचं. आणि खाली पत्ता: कळंबा, पाण्याच्या टाकीमागं, निळ्या दाराचं घर. निळं दार मी एका हातानं धरून उभी होते.

मुलगी बघायला आले होते. बायको नांदायला यावी म्हणून कोर्टात गळा काढणारा हा माणूस आईला घेऊन, नारळ घेऊन, मुलगी बघायला निघाला होता.

त्याला माझ्याआधी भान आलं. एक पायरी वर चढून हळूच म्हणाला, “हितं लपलीयास व्हय.”

तेवढ्यात मावशी बाहेर आली, हातात कापडाची मोठी कात्री. त्याला बघितलं मात्र, तिनं जी बोंब ठोकली ती टाकीपर्यंत गेली असेल. “मुडद्या! पोरीचं हाड मोडलंस, तिच्या भावाचं मोडलंस, आता माझ्या उंबऱ्यावर आलास? ये की आत, ये!” गल्लीतली माणसं अर्ध्या दाढीनं, दात घासत गोळा झाली. सासूनं त्याला ओढत जीपकडं नेलं. जाताना तो वळून म्हणाला, “पत्ता कळला आता.” एवढंच. गल्लीला ते साधं वाटलं असेल. मला नाही.

मावशी रडायला लागली. कपाटातून एक प्लास्टिकची पिशवी काढून तिनं माझ्यापुढं ठेवली. माझे बायोडाटे. “चौकातल्या डीटीपीवाल्याकडनं करून आणलं. तू करत न्हवतीस म्हणून. पण शप्पथ सांगते, एकबी कुणाला दिला न्हाय. केस संपूस्तवर द्यायचा न्हाय म्हणूनच ठेवलेलं.”

मी तशीच ओल्या केसांनी चौकात गेले. डीटीपीवाला लग्नपत्रिकेला गणपती लावत होता. कागद पुढं टाकल्यावर त्यानं तो नीट वाचला आणि जीभ चावली. “पत्ता ऱ्हायला वाटतं बदलायचा. नाव बदललंय बघा, मोबाईल बदललाय. ऱ्हाउंदे ताई, दुरुस्त करून देतो, पैसे नकोत.”

“माझा पत्ता हिच्या कागदावर आला कसा?”

“तुमचाच नमुना घेतला की! तुमच्या मावशीनं लई चांगला सांगितलेला. नवीन कोण आलं की तोच उघडायचा, नाव-गाव बदलायचं आन् प्रिंट मारायचा. सगळीच तसं करत्यात.”

त्यानं कौतुकानं फोल्डर उघडून दाखवलं. मी बघतच राहिले. अर्धं कोल्हापूर होतं त्यात. पोरींचे फोटो, जन्मवेळा, पगार, बापाचे मोबाईल, घराच्या खुणा. पासवर्ड? मशीन सकाळी चालू करून तो चहाला जायचा. आणि मी घरी एका फायलीला तीन-तीन कुलपं लावत बसले होते!

“माझी फाईल काढून टाक. आत्ताच्या आत्ता.”

“काढतो की,” म्हणाला आणि काढली. मग जरा चाचरत म्हणाला, “पण आणखी दोघा दुकानवाल्यांनी नेलीया ताई. त्यास्नीबी फॉरमॅट आवडला.”

त्याला शिवी द्यायची होती, पण त्याच्या तोंडावर इतका भाबडेपणा होता की देववली नाही. मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि कागदावरचा मोबाईल नंबर लावला. तो तरी बरोबर होता. फोन त्या मुलीनंच उचलला. मागं भांड्यांचा आवाज येत होता.

“मध्यस्थांकडनं बोलताय? पावणं वाटेत हायत का?” तिनं विचारलं. “पोहे गार व्हायल्यात.”

“ते येणार नाहीत,” मी म्हटलं. “तुला बघायला निघालेला माणूस माझा नवरा आहे. अजून आहे.”

मग तिनं मी कुठं राहते ते विचारलं. हा प्रश्न कुणी विचारला की मी खोटं सांगायची, सवयच झाली होती. त्या दिवशी खरं सांगितलं. ज्याच्यापासून लपवायचं त्यालाच कळल्यावर राहिलं काय?

दुपारी कडी वाजली तेव्हा मावशीनं पुन्हा कात्री उचलली. मी फटीतून बघितलं. फोटोतलीच मुलगी, शेजारी तिचा बाप, टोपी हातात घेतलेला. बाप आत येऊन बसला आणि घसा खाकरून म्हणाला, “बाई, तुमची बाजू काय, त्यांची बाजू काय, आमास्नी काय म्हाईत. त्यो तर कोर्टात बायकोला बोलवायलाय म्हणं. तुमच्या फोननंतर मध्यस्थाला इचारलं, तर म्हणतोय, बायकोच वाईट हाय.”

मुलगी बसली नव्हती. माझ्याकडं बघत म्हणाली, “मला एवढंच सांगा. मारतो का?”

हे मी कोर्टात शब्दांत सांगितलं होतं, वकिलाला सांगितलं होतं, पण दाखवलं कुणाला नव्हतं. मावशीलासुद्धा नाही. दंडावरच्या त्या डागांची मला लाज वाटायची, उन्हाळ्यातही लांब बाह्या घालायची मी. मी उठले, तिच्यासमोर उभी राहिले आणि ब्लाउजची बाही खांद्यापर्यंत वर सारली.

तिच्या बापानं मान फिरवली. तिनं फिरवली नाही.