उंबऱ्यावरचं मरण

पौष संपता संपता एका सकाळी माझ्या तळहातावरून इष्टलिंग घसरलं. आम्ही लिंगायत. लिंग डाव्या तळहातावर घ्यायचं आणि उजव्या हाताने त्याला भस्म, गंध, बेल वाहायचं, ही पूजा मी वयाच्या आठव्या वर्षापासून करत आलो आहे. अर्धांगाचा झटका येऊन तेव्हा तीन आठवडे झाले होते आणि डावा हात अजून माझं ऐकत नव्हता. मी तो मांडीवर ठेवला, उजव्या हाताने त्याची बोटं उलगडली, लिंग ठेवलं आणि भस्माच्या डबीकडे वळलो, तेवढ्यात ते कलंडून सतरंजीवर पडलं. आवाजसुद्धा झाला नाही. बायको स्वयंपाकघरात होती, पण तिला मी हाक मारली नाही, कारण तिच्यासमोर मला रडायचं नव्हतं. लिंग उचलून कपाळाला लावलं, परत गळ्यात घातलं आणि मनात जे आलं ते इथे लपवत नाही. देवाला घ्यायचाच होता तर उजवा हात घ्यायचा. पूजेचा तेवढा का घेतला? त्या दिवसापासून बायको माझा तळहात आपल्या हातात धरून पूजा करवून घ्यायला लागली. मी करायचो, पण मन त्यात नसायचं.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतला निवृत्त शिक्षक. इतिहास शिकवायचो. प्राचीन संस्कृतींच्या धड्यात पुराणकथा आल्या की मुलांना सांगायचो, माणसाला विजेचा, पुराचा, मरणाचा अर्थ लागत नव्हता तेव्हा त्याने गोष्टी रचल्या. इजिप्तमध्ये रचल्या, ग्रीसमध्ये रचल्या, आपल्याकडेही रचल्या. त्या गोष्टींवरून देवळं उभी राहिली, काव्यं झाली, सणवार ठरले, राजाने कसं वागावं तेही ठरलं. हे मला आजही खोटं वाटत नाही. फक्त सांगताना त्या गोष्टी माझ्यापासून फार लांब असायच्या, काचेच्या कपाटातल्या वस्तूंसारख्या. आणि गंमत म्हणजे असं शिकवणारा हा गुरुजी दर वैशाखात डोक्यावर शिंगांचा टोप चढवून हिरण्यकशिपू व्हायचा.

परभणी जिल्ह्यात बोरीच्या पलीकडे आमचं गाव आहे. तिथे नरसिंहाचं जुनं, काळ्या दगडाचं देऊळ आहे. नरसिंह जयंतीला दिवस मावळताना त्याच्या दारात सोंग होतं. बांबूच्या सांगाड्यावर कागद चिकटवून खांब करतात. हिरण्यकशिपू त्याला लाथ मारतो, कागद फाडून नरसिंह बाहेर येतो आणि राक्षसाला उंबऱ्यावर मांडीवर घेऊन मारतो. घरात नाही आणि बाहेरही नाही, दिवसा नाही आणि रात्रीही नाही, माणसाकडून नाही आणि जनावराकडूनही नाही. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आमच्याकडे तिन्हीसांजेला उंबऱ्यावर कुणी बसत नाही, ते या गोष्टीपायीच. नरसिंह होतो पुजाऱ्यांच्या घरातला माणूस आणि हिरण्यकशिपू आमच्या घरातला. पोथीत त्याला वर दिला ब्रह्मदेवाने. आमच्या गावात मात्र तो महादेवाने दिला असं मानतात, म्हणून महादेवाच्या भक्तानेच ते सोंग घ्यायचं. कुठल्या पिढीत गोष्ट अशी वळली ते कुणाला माहीत नाही.

आमच्या घराला याचं वाईट वाटत नाही, उलट आम्ही मिरवतो. राक्षस मेला की गाव आधी त्याच्या पाया पडतं आणि मग नरसिंहाच्या, कारण देवाच्या मांडीवरचं मरण सगळ्यांच्या नशिबी नसतं. त्या संध्याकाळी आमच्या घरी चूल पेटत नाही. घरातलं माणूस गेल्यावर शेजारी आणून देतात तसा कडू घास पुजाऱ्यांच्या घरून येतो, पिठलं-भाकरी. वडील गेल्यावर हे सोंग माझ्याकडे आलं, त्याला सव्वीस वर्षं झाली.

यात सगळ्यात अवघड असतं ते पडणं. झटापट झाली की नरसिंह उंबऱ्यावर बसतो आणि राक्षसाने त्याच्याकडे पाठ करून, मागे न बघता, सरळ उताणं पडायचं. मागे बघितलं तर राक्षस भ्याला असं होतं, आणि भ्यालेला राक्षस आमच्या घराण्यात अजून झालेला नाही.

माघात देवळात बैठक झाली. मी काठी टेकत गेलो होतो. माझ्यासमोरच ठरायला लागलं की गुरुजींना आता जमणार नाही, त्यांचा पुण्याचा पुतण्या सुट्टी मिळत नाही म्हणतो, तेव्हा यंदा सोंग बंद ठेवून गाण्याचा कार्यक्रम करू. कुणाच्याही बोलण्यात वाकडेपणा नव्हता, काळजीच होती. पण इतिहास शिकवलेल्या माणसाला एवढं नक्की कळतं की अशी गोष्ट एका वर्षी थांबली की पुढच्या वर्षी तिची आठवणही कुणाला गरजेची वाटत नाही. किती गावांतली अशी सोंगं माझ्या डोळ्यांदेखत संपली. आमच्या दारातली ही गोष्ट माझ्या पायापाशी येऊन संपणार, हे मला सहन होईना. मी भिंतीला धरून उठलो आणि जड जिभेने म्हणालो, "मी हाय."

घरी आल्यावर बायकोने फैलावर घेतलं. "धड कपबशी धरता येईना तुमाला, अन् राक्षस व्हायला निघालाव!"

"राक्षसाला कपबशी धरावी लागत न्हाई," मी म्हणालो. ती हसली नाही.

तिचं चूक नव्हतं. परभणीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, काय वाटेल ते करा पण पडू नका. आणि माझी खरी अडचण हात किंवा पाय नव्हती, ती मी कुणाला सांगितली नव्हती. झटका आला तेव्हा मी अंगणात उभा होतो आणि काही कळायच्या आत जमीन वर आली होती. तेव्हापासून पडण्याची इतकी धास्ती बसली होती की घरात चालतानाही माझा उजवा हात भिंतीवरून हलत नसे. मी हट्टाने व्यायाम वाढवला. सकाळी रबरी चेंडू दाबायचा, दुपारी पायाला वाळूची पिशवी बांधून तो उचलायचा, संध्याकाळी संवाद घोकायचे. फाल्गुनापर्यंत काठीशिवाय वीस पावलं जमायला लागली. पण पाठ करून पडणं काही जमेना. पलंगाकडे पाठ करून मी कितीदा उभा राहिलो असेन, दर वेळी मान आपोआप मागे वळायची.

जयंतीच्या आधी आमच्या घरातला माणूस पोखर्णीला जातो आणि तिथल्या नरसिंहाकडे एका संध्याकाळपुरतं वैर धरायची परवानगी मागतो. चैत्रात मी एकटाच निघालो. बायको सोबत येते म्हणाली, पण तिला नको म्हटलं. बोरीहून एसटीने परभणी, तिथून दुसऱ्या गाडीने पोखर्णी. देवापुढे हात जोडले, नेहमीचे शब्द म्हणालो आणि शेवटी एक जास्तीचं वाक्य तोंडून गेलं: "परवानगी तू देशील रे, हा पाय देईना, त्याचं काय करू?" बाहेर आलो आणि देवळापासून थोड्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला, डावा पाय एका दगडाला अडखळला. ज्याला चार महिने भीत होतो ते झालं. मी आडवा पडलो. कोपर सोलवटलं, चष्मा लांब गेला आणि मी तिथेच डोळे मिटून घेतले.

माझ्याजवळ कुणीतरी येऊन बसलं. उचलायला आलं नाही, नुसतं मांडी घालून बसलं. डोळे उघडले तर पन्नाशीचा एक माणूस, हातावर उसाच्या पात्याने कापल्याचे वाळलेले ओरखडे. मागे त्याची बायको बोचकी घेऊन उभी होती. तिने चष्मा आणून दिला.

"मामा, उठायची घाई करू नका," तो म्हणाला. "डोक्याला न्हाई ना लागलं? मग बसा जरा."

ते पालमकडचे. सहा महिने कारखान्यावर ऊस तोडून गावी परतत होते, वाटेत नवस फेडायला उतरले होते. बोलता बोलता मी त्या परक्या माणसाला सगळं सांगून टाकलं, झटका, सोंग, भीती, सगळं. बायकोला जे सांगितलं नव्हतं तेही. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तुमी ताठ पडलाव, म्हणून लागलं. आमी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढतो. पाय सटकला की आदी मोळी सोडायची, मग अंग सोडायचं. धरून ठेवलं की मोडतं. चला, दाखवतो."

रस्त्यालगतच्या शेतात गव्हाच्या भुसाचा ढीग होता. शेताचा मालक झाडाखाली बसला होता, त्याने हात हलवून खुशाल जा म्हटलं. आणि तिथे, भर दुपारी, इतिहासाच्या एका निवृत्त मास्तराला ऊसतोड कामगाराने पडायला शिकवलं. आधी तो स्वतः पडून दाखवायचा, मग मला ढिगाकडे पाठ करून उभं करायचा. पहिल्यांदा मी वळून बघितलं. दुसऱ्यांदा हात मागे गेला. "हात आवरा मामा, हातच मोडतो आदी." तिसऱ्यांदा गुडघे आखडले. त्याची बायको तोंडाला पदर लावून हसत होती, ती म्हणाली, "आवो, लेकरू कसं आईच्या अंगावर टाकून देतंय सोताला, तसं पडा की!" किती वेळा पडलो ते मोजलं नाही. केव्हातरी एकदा मान वळली नाही, हात गेला नाही आणि भुसात रुतलेला मी वर आभाळ बघत होतो. तोंडात भूस गेलं होतं आणि मला हसू आवरत नव्हतं.

त्यांना पालमकडे जाणारा टेम्पो मिळाला आणि ते गेले. नाव विचारायचं राहिलं. तो कोण होता म्हणून मी काही दावा करत नाही. तो ऊसतोडीवरून घरी चाललेला माणूस होता, त्याच्या बोचक्यातून कोयत्याची मूठ डोकावत होती. पण ज्याला पडायचं कसं हे पोटासाठी शिकावं लागलं, असा माणूस त्याच घटकेला माझ्या शेजारी येऊन बसला, एवढं खरं आहे.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. तिने उठून घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या गाद्या खाली अंथरल्या. महिनाभर रोज ती गाद्यांच्या कडेला उभी राहायची आणि मी पडायचो. शेजारणी डोकावून जायच्या. त्यांना ती सांगायची, "आमच्या राक्षसाची उजळणी चालू हाय."

जयंतीच्या दिवशी ऊन फार होतं. सूर्य बाभळीच्या शेंड्याला टेकला तेव्हा मी काठी बायकोकडे दिली आणि गदा घेतली; गदेवर भार देता येत होता. माझी जीभ अजून जड होती, शब्द घोगरे आणि ओढत निघत होते. पुढे बसलेली पोरं एरवी हसायची ती गप्प झाली. नंतर लोक म्हणाले की असा भयंकर हिरण्यकशिपू आधी कधी झाला नव्हता. प्रल्हाद झालेल्या मुलीला मी विचारलं, "कुठं हाय तुझा देव? ह्या खांबात हाय?" ती ठणठणीत आवाजात म्हणाली, "हाय!" गदेवर रेलून लाथ मारली. कागद फाटला आणि पुजाऱ्यांचा पुतण्या दिगंबर मुखवटा घालून गर्जत बाहेर आला. झटापट झाली. तो उंबऱ्यावर बसल्याचा आवाज मी पाठीमागे ऐकला. आता गदा टाकायची होती.

मी ती टाकली. क्षणभर काहीच धरलेलं नव्हतं, ना भिंत, ना काठी, ना बायकोचा खांदा. भीती गेली नव्हती, तिथेच होती. तरी मी मागे बघितलं नाही. महादेवाचं नाव घेतलं आणि अंग सोडलं.

मांडी सापडली. वर मुखवटा होता, मुखवट्याच्या वर निम्मं उजेडाचं, निम्मं अंधारलेलं आभाळ. दिगंबरने पोटावरचं लाल फडकं ओढलं, लोक ओरडले, ढोल वाजले आणि मी डोळे मिटून पडून राहिलो. मग पायांना एकेकाचे हात लागायला लागले. कितीतरी हात. मी रडत होतो आणि मेलेल्या राक्षसाने रडू नये याचंही मला भान नव्हतं.

घरी येऊन बसलो तोवर कडू घास आला. आणणारा दिगंबरच होता, रंग पुसलेला, कानामागे थोडा राहिलेला. ताट ठेवून तो लगेच गेला नाही.

"गुरुजी, एक बोलू का? बारा वर्षं झाली तुमाला मांडीवर घ्यायलोय. आज पैल्यांदा तुमचं वजन लागलं."

तो म्हणत होता ते खरं होतं. इतकी वर्षं मी पडताना डावी टाच पायरीला रोवून ठेवायचो. बघणाऱ्याला कळायचं नाही. समोरच्याला त्रास नको, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे माझं अंग कुणाच्या हवाली करायची माझी तयारी नव्हती. यंदा टाच रोवायला पायात ताकदच उरली नव्हती.

बायकोने त्याला विचारलं, "लय जड लागले का रे?"

"जड न्हाई काकू," तो म्हणाला. "पर आज हातात माणूस आला."

तो गेला आणि आम्ही दोघं पिठलं-भाकरी घेऊन बसलो. ज्याने मला पाडलं, ज्याने मला पडायला शिकवलं आणि ज्याने मला धरलं, ते तिघे वेगवेगळे की एकच, हे ठरवायचं काम मी सोडून दिलं आहे. तिघांनाही माझा नमस्कार.