निकूने न ऐकलेला शेवट

माझा नातू गोष्टीचा शेवट न ऐकताच गेला.

आज वर्ष झालं. आणि आजच त्याच्या रॉक बँडचा अल्बम येतोय.

मला लिहायवाचायला येत नाही. मी बोलतेय, नात मनू टाइप करतेय. मध्येच नाक ओढते, तेव्हा थांबावं लागतं.

निकू ड्रम वाजवायचा. घाटकोपरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ड्रम चालत नाहीत, म्हणून घरी उशा बडवायचा. माझ्या उशीतला सगळा कापूस एका कोपऱ्यात जाऊन बसलाय.

एकदा म्हणाला, "आजी, तुझी ती बिनसावलीच्या राजकन्येची गोष्ट दे ना. अख्खा अल्बम करतो तिच्यावर. गाण्यामागून गाणं, पण गोष्ट एकच. कन्सेप्ट अल्बम म्हणतात त्याला."

"आम्ही त्याला गोष्टच म्हणायचो रे मेल्या."

गोष्ट माझ्या आईची, मालवणकडची. राजाने पावसाच्या बदल्यात धाकट्या लेकीची सावली राक्षसाला देऊन टाकली. ती लेक सावली परत आणायला निघते. वाटेत जंगल, मग नदी, मग राक्षसाची विहीर.

निकू लहानपणी कायम गोष्ट नदीशी आली की झोपायचा.

आमच्याकडे गोष्ट ऐकणाऱ्याने "हूं" म्हणायचं असतं. वाक्यावाक्याला. हूं थांबला की सांगणारीनेही थांबायचं. भिंतीला कोण गोष्ट सांगतं?

त्यामुळे नदीपलीकडचं त्याने कधी ऐकलंच नाही.

"मग आता ऐक की," मी म्हटलं.

"नको नको! रेकॉर्डिंगलाच सांग. पहिल्यांदा ऐकताना जो हूं येईल ना, तोच मला पाहिजे."

चेंबूरला एका गाळ्यात स्टुडिओ. मी म्हटलं, दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकतो.

"मामा मॅप लावून फिरतो गं. तू बोल."

मी माइकपुढे, तो माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून. मी सांगायची, तो हूं म्हणायचा. मग त्या हूंवर ड्रम चढवायचा. त्याचा दोस्त रॉयस्टन, मरोळ गावठाणातला, तो गातो. म्हणजे ओरडतोच जास्त. पण नदीच्या गाण्यात पाणी खरंच अंगावर येतं, हे कबूल करते.

शेवटचं गाणं तेवढं राहिलं होतं.

त्याच आठवड्यात निकूला ताप आला. डेंग्यू. हॉस्पिटलात आपल्या पायांनी चालत गेला.

परत आला नाही.

काही महिन्यांनी रॉयस्टन घरी आला.

"आजी, शेवट रेकॉर्ड करूया. निकूचे हूं आहेत ना आपल्याकडे, आधीच्या गाण्यांतले. ते उचलतो, इथे लावतो. कुणाला कळणार पण नाही."

माझी सून वैशाली, निकूची आई, लगेच म्हणाली, "लाव."

मी म्हटलं, "नको."

"का नको?"

"ते हूं त्याने नदीला दिलेत, जंगलाला दिलेत. शेवट ऐकलाच नाही त्याने. न ऐकलेल्याला हूं कसा म्हणेल?"

"आई, तुम्हाला गोष्टीची पडलीय. मला माझ्या पोराचा आवाज पाहिजे. चार हूं जास्त मिळाले तर तुमचं काय जातं?"

पण मला हो म्हणवेना.

पुढे आठवडाभर आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती.

शेवटी तीच म्हणाली, "चला. मी पण येते. तुम्ही सांगा, बाकीचं रॉयस्टन बघेल."

वैशालीने ही गोष्ट कधी ऐकली नव्हती. नोकरीवरून आली की ती ओट्याशी. तिचा ओटा आवरेपर्यंत पोरं झोपलेली.

स्टुडिओत ती माझ्या मागे खुर्चीवर बसली. पर्स मांडीवर, घट्ट धरून.

मी सुरू केलं. राजकन्या विहिरीशी पोचली.

थांबले. हूं नाही.

तळाशी तिची सावली होती, लुगड्याची घडी ठेवावी तशी ठेवलेली.

थांबले. हूं नाही.

राक्षस म्हणाला, "ने खुशाल. पण सावली असते त्याला मरण असतं. आत्ता तुला मरण नाही. विचार कर."

इथे माझं तोंडच बंद झालं. समोरची जमीन रिकामी.

कानातल्या हेडफोनमधून रॉयस्टन म्हणाला, "आजी, बोल ना. मी नंतर लावतो."

आणि मागून आवाज आला.

"मग? घेतली तिने?"

रॉयस्टनने काचेपलीकडून हात हलवला, टेक वाया गेला म्हणून. मी तिकडे बघितलंच नाही.

"घेतली," मी म्हटलं.

"मरण येणार हे कळून?"

"कळून."

"का पण?"

"घरी जायचं होतं तिला."

वैशाली "हूं" म्हणाली. म्हणाली कसली, निघाला तिच्या तोंडून.

मग मी सांगत गेले आणि ती हूं देत गेली. राजकन्या गावाच्या वेशीशी आली. उन्हं कलली होती, सावली पुढे आणि ती मागे. दारात उभ्या असलेल्या आईने आधी सावली पाहिली.

संपली गोष्ट.

रॉयस्टन आमच्याकडे पाठ करून उभा होता. मी विचारलं, "परत करायचं का रे?"

त्याने मान हलवली. नाही.

वैशाली पर्समध्ये रुमाल शोधत होती. वर न बघताच त्याला म्हणाली, "याला काही लावू नकोस."

म्हणून शेवटच्या गाण्यात निकू नाही. ड्रमही नाहीत. मी आहे आणि त्याची आई आहे. आधीची गाणी ऐकून मगच ते ऐका. तिथे तो पुरेपूर आहे, कान फुटेपर्यंत.

मनू विचारतेय, खाली भावपूर्ण श्रद्धांजली टाकू का?

ती धाकट्यांनी मोठ्यांना वाहायची गं. आजीने नातवाला आशीर्वाद द्यायचा. आणि माझ्या तोंडाला एकच आशीर्वाद माहीत आहे, औक्षवंत हो. तो आता कुठे ठेवू?

नुसतं लिही.

निकू, सुखात राहा रे बाळा.

आजी