मामांची शिट्टी

उद्या जगबुडी आली, तर अख्ख्या सोलापुरात तयारीत सापडेल असा एकच माणूस आहे, तो म्हणजे आमचे धाकटे मामा. आणि उशिरा आली म्हणून तिला फैलावरही तेच घेतील. मामा रेल्वेत होते. गाडी घसरली, डब्याला आग लागली, तर कुणी काय करायचं याचे आराखडे आखायचे आणि त्यांचा सराव घ्यायचा, हे त्यांचं काम. होटगीकडे यार्डात एखादा जुना डबा आडवा पाडायचा, कुणालाही न सांगता भोंगा वाजवायचा, आणि सगळ्यांची धावपळ करून झाली की शांतपणे सांगायचं, 'सराव होता.' मामा निवृत्त झाले, पण सुटलं ते फक्त यार्ड. लग्नाच्या मांडवात शिरले की नवरानवरीकडे बघायच्या आधी ते मांडववाल्याला गाठत. "बाहेर पडायचा दुसरा रस्ता कुटं हाय?" तो बिचारा म्हणे, "काका, अजून जेवणं व्हायची हायती की." घरात एक पत्र्याची पेटी कायम भरलेली: बॅटरी, दोर, मलमपट्ट्या आणि आठवडाभर टिकेल अशी कडक भाकरी न् शेंगाचटणी. त्यातली चटणी आम्ही भाचेमंडळी संकटाची वाट न बघताच संपवायचो.

आमची घरं भिंतीला भिंत लागून, त्यामुळे सुटका नव्हती. भर दुपारी मामांची शिट्टी वाजली, की मी गाडी दारात लावायची, धाकट्या भावानं चादरीची झोळी आणायची, शेजारच्या वहिनींनी फाटक उघडं धरायचं. जखमी मात्र कायम मामीच. "हिच्यासारखं निपचित पडायला कुणाला जमत न्हाय," मामा कौतुकानं म्हणत. मामी म्हणत, "तेवढीच पाठ टेकते माजी." एकदा तर त्या चक्क घोरायला लागल्या. जखमी माणूस घोरत नसतो, असं म्हणून मामांनी आम्हाला सगळा सराव पुन्हा करायला लावला.

गेल्या उन्हाळ्यात अशीच शिट्टी वाजली. मामी स्वयंपाकघरात आडव्या, हातात उलथनं तसंच. "आज मामींनी कमाल केली," वहिनी हसत म्हणाल्या. आम्ही त्यांना झोळीत उचललं, गाडीत घातलं; आरडाओरडा नाही की गोंधळ नाही. गल्लीच्या कोपऱ्यावर आलो की मामा नेहमी म्हणायचे, 'सराव होता, फिरा माघारी.' कोपरा आला. मी गाडी हळू केली. मामा मागं मामींचा हात धरून बसले होते.

"चल रे," ते म्हणाले. "थांबू नगं."

मी गाडी दामटली ती थेट दवाखान्याच्या दारात.

मामी वाचल्या. वेळेत आणलंत म्हणून, असं डॉक्टर म्हणाले. खरं सांगतो, हा सराव नाही हे घरातच कळलं असतं, तर आम्ही नुसती रडारड करत बसलो असतो.

त्यानंतर शिट्टी वाजलीच नाही. लग्नाला गेले तरी मामा आता मामींच्या शेजारी खुर्ची धरून बसतात, दुसरा रस्ता कुणाला विचारत नाहीत. दुपारी घर फार शांत वाटतं. ज्या शिट्टीच्या नावानं आम्ही बोटं मोडली, तिची मला आता फार आठवण येते.

परवा मामीच म्हणाल्या, "आवं, एकदा घ्या की सराव. पोरं बी गोळा हुतील. मी पडते."

मामांनी पेटी उघडली, शिट्टी काढली, सदऱ्याला पुसली आणि परत ठेवून दिली.

"न्हाय," ते म्हणाले. "तू बसून ऱ्हा."