बबनरावांच्या मानेतली तार

आयसीयूत किस्से गोळा करावे लागत नाहीत राव, ॲप्रनच्या खिशात पेनं साठतात तसे आपोआप साठतात. आमच्या चाकणच्या हॉस्पिटलात बबनराव एकटेच अख्खा खिसा भरून गेले!

*

बबनरावांचं गुलाबाचं पॉलीहाऊस. कीटकनाशक वाया जाऊ नये म्हणून त्यांनी सगळे पडदे खाली सोडले आणि आत बिनमास्कचे फवारत राहिले! आले तेव्हा तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या. आमच्या आयसीयूच्या प्रमुख डॉक्टर मॅडमनी आधी त्यांचे कपडे काढून साबणानं आंघोळ घालायला लावली.

बायको सुमनताई दारातून ओरडल्या, "घासा, चांगलं घासा! घरी साबनाला हात लावत न्हाईत!"

*

या विषावर उतारा ॲट्रोपिनचा. इतकं लागलं, की आमचं स्टोअर रिकामं झालं, बाहेरून मागवावं लागलं. त्यानं माणूस भ्रमात जातो. बबनराव हवेतले गुलाब तोडून सिस्टरला जुड्या द्यायला लागले.

"कळी उमलू देऊ नका सिस्टर, मार्केटला जायचीय!"

सिस्टर शिफ्ट संपेपर्यंत शांतपणे जुड्या घेत होती. मला तिचं फार कौतुक वाटलं.

*

मग औषधं द्यायला मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालायची ठरली. आधी बारीक तार आत सरकवतात, तिच्यावरून नळी घालतात आणि तार काढून घेतात. मॅडमचा नियम असा, की तार हातात धरून सगळ्यांना ऐकू जाईल असं "तार बाहेर!" म्हणायचं. नवा डॉक्टर निखिल नळी घालत असतानाच बबनरावांनी आणखी एका गुलाबाला हात घातला. आम्ही ते दोन शब्द ऐकायला थांबलो.

निखिल मोठ्यांदा म्हणाला, "मॅडम, तार आत गेली."

एक्स-रेत ती हृदयापर्यंत पोचलेली दिसली.

*

ती काढायची सोय पिंपरीत. कंटेनरच्या रांगांतून, ॲट्रोपिन चालू ठेवत ॲम्ब्युलन्स गेली, जांघेतल्या शिरेतून तार निघाली आणि बबनराव वाचले. आता खरे गुलाब तोडतात! पण ॲम्ब्युलन्स निघण्याआधी दारात जे झालं, त्यानं अजून माझ्या अंगावर काटा येतो.

मॅडम सुमनताईंना म्हणाल्या, "ताई, चूक आमची आहे. तार आत राहिलीय, जिवाला धोका आहे. मी स्वतः बरोबर जाते."

"तुमाला कळलं कसं?"

"ज्याच्या हातून झालं, त्यानंच सांगितलं."

सुमनताईंनी निखिलकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून रडत होता.

"मॅडम, तुमी ऱ्हावा हितं," त्या म्हणाल्या. "यालाच धाडा संगं."