झांबियाच्या गिरणीतला शर्ट

केळुसकर काका गेल्याचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेत, नोव्हायच्या आमच्या ऑफिसात एका मीटिंगमध्ये होते. बाहेर बर्फ पडत होता. रडू लगेच आलं नाही. ते आलं दोन-तीन दिवसांनी, आणि तेही संतापाने, मराठी मंडळाची ईमेल वाचून. काकांनी म्हणे आयुष्यभर आफ्रिकेतल्या गरिबांची सेवा केली, म्हणून त्यांच्या स्मरणार्थ आफ्रिकेसाठी जुने कपडे गोळा करायचे होते. शोकसभेला येताना पिशव्या घेऊन या, असं खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं. सेवा! जुने कपडे! माणसाला जाऊन आठवडा झाला नव्हता आणि आम्ही त्याच्या आयुष्याचा पार बट्ट्याबोळ करून टाकला होता.

मनोहर केळुसकर मूळचे मालवणचे. झांबिया नवा नवा स्वतंत्र झाला होता, तिथल्या शाळांना शिक्षक हवे होते, म्हणून ऐन विशीत हे गणित शिकवायला तिकडे गेले. तिथे त्यांना एका प्रश्नाने धरलं. एवढं तांबं या जमिनीतून निघतं, तर माझ्या वर्गात बाकं का नाहीत? त्या प्रश्नाचा पाठलाग करत ते अमेरिकेत आले, डॉक्टरेट केली आणि निवृत्त होईपर्यंत इथल्या विद्यापीठात आफ्रिकेचा आर्थिक इतिहास शिकवत राहिले. मी २००१ साली एम.एस. करायला आले ती त्यांच्याच विद्यापीठात. मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे घरोघरून एकेक पदार्थ आणून होणाऱ्या जेवणाला, ते पहिल्यांदा भेटले. जेवणं झाली की काका एक कोरी कागदी प्लेट घ्यायचे, तिच्यावर पेनाने आफ्रिका काढायचे आणि त्यात गोऱ्या साहेबाने टाकलेले रेल्वेचे रूळ. पोरं भोवती जमायची. "आता या देशातून मला शेजारच्या देशात गाडीने नेऊन दाखव," काका म्हणायचे. बहुतेक रूळ खाणीपासून निघायचे आणि थेट बंदराला जाऊन संपायचे. "बट काका, व्हाय डिडन्ट दे जस्ट कनेक्ट देम?" एखादी चिमुरडी विचारायची. "कारण ते माणसांसाठी टाकलेच नव्हते, राणी." एवढ्यात मोठ्यांपैकी कुणीतरी "काका, आइस्क्रीम वितळतंय" म्हणायचं आणि प्लेट कचऱ्यात जायची. मला तेव्हाही राग यायचा.

गणपतीला आम्ही सगळे झब्ब्यात आणि पैठणीत, आणि काका दरवर्षी त्याच एका शर्टात. गडद निळा, त्यावर पिवळ्या मक्याच्या कणसांची नक्षी. "काय काका, आफ्रिकन ड्रेस?" असं विचारून लोक हसत पुढे जायचे. मी एकदा थांबले, तेव्हा त्यांनी कॉलर उलटी करून आतली पट्टी दाखवली... मेड इन झांबिया. ते शिकवायचे त्या गावाजवळच ही गिरणी होती. त्यांच्या कितीतरी विद्यार्थ्यांच्या घरची चूल तिच्यावर पेटायची. मग तांब्याचे भाव कोसळले, तेलाचे चढले, देश कर्जात बुडाला. कर्ज देणाऱ्यांनी अट घातली, बाजार उघडा करा. बाजार उघडला आणि आत काय आलं? अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या भल्या लोकांनी दान केलेले जुने कपडे, गठ्ठेच्या गठ्ठे. दान करणाऱ्यांनी फुकट दिलेले, पण तिथे विकायला आलेले. तिथे त्यांना सलाऊला म्हणतात, म्हणजे ढीग उपसून निवडणं. त्या भावात कुठली गिरणी टिकणार? "गोळी घालून बंद पाडली असती ना, तर निदान बातमी तरी झाली असती," काका म्हणाले होते. "ही दान देऊन बंद पाडली."

आणि त्याच माणसाच्या नावाने आम्ही कपडे गोळा करणार होतो. मी मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला, सगळं सांगितलं. "अगं, लॉजिक बरोबर असेल तुझं," ते म्हणाले, "पण लोकांच्या भावना बघ ना यार. सगळ्यांनी क्लोजेट्स क्लीन केलीत. आता कसं कॅन्सल करणार?" म्हणजे कपाटं रिकामी झाली होती, हेच खरं कारण. शोकसभेत हॉलच्या दाराशी खोकी मांडलेली. आत भाषणं झाली, प्रत्येकाच्या तोंडी सेवा आणि त्याग. मी उठून बोलले. गिरणीचं सांगितलं, रुळांचं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या, टाळ्यासुद्धा वाजवल्या, आणि जाताना आपापल्या पिशव्या खोक्यांत टाकून गेले.

काकांच्या पत्नी, सुनंदाकाकू, सभेत पहिल्या रांगेत बसल्या होत्या. बाहेर निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "मैत्रिणींनी काल यांचं कपाट आवरलं गं. तो निळा शर्ट सापडत नाहीये."

मी पार्किंग लॉटमध्ये धावले. खोकी व्हॅनमध्ये चढत होती. मी एकेक उपसलं. स्वेटर, जीन्स, कुठल्याशा कंपनीचे टीशर्ट, सगळं बर्फात फेकत गेले. अध्यक्ष "अगं, काय करतेयस" करत मागे उभे. चौथ्या की पाचव्या खोक्यात मक्याची कणसं दिसली. मी तो शर्ट घेतला आणि बाकीचं तसंच टाकून निघाले. त्यांनी ते गोळा केलं असणार. व्हॅन गेलीच. एवढा जीव तोडून माझ्या हाताला लागला तो एक शर्ट... याची चीड अजून जात नाही.

काकूंनी तो कपाटात ठेवला नाही. घरात शिरल्या शिरल्या पाहुणे कोट अडकवतात त्या खुंटीवर लावला. मागच्या रविवारी मी तिथे असताना अध्यक्ष सपत्नीक भेटायला आले. कोट अडकवता अडकवता थबकले आणि हळुवारपणे म्हणाले, "काकू, हा एक द्यायचा राहिलाच वाटतं?" मी तोंड उघडणार होते. काकूंनी मला हाताने थांबवलं.

"बसा. चहा टाकते," त्या म्हणाल्या. "आज मात्र पूर्ण ऐकून जायचं."

आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या ड्रॉवरमधून एक कोरी कागदी प्लेट काढली, आणि माझ्याकडे पेन मागितलं.