परीक्षेसाठी राखून ठेवलेले दात

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. दातांवर किटण चढतं तसे ते चढत जातात. रोज थोडे थोडे, कळतही नाही, आणि एक दिवस बघावं तर हा थर! आमच्या बॅचचे आम्ही आठ जण दरवर्षी ईदनंतरच्या रविवारी शाहीनच्या घरी जमतो. शीरखुर्मा झाल्यावर चूळ भरायलासुद्धा कुणी उठत नाही (हे पेशंटना सांगू नका!), आणि मग एकेक थर खरवडायला सुरुवात होते.

आम्ही शिकलो डेंटल हायजिन. दात काढणं, भरणं हे डॉक्टरचं काम. आम्ही दात साफ करायचे, हिरड्या सांभाळायच्या आणि माणसाला नीट घासायला शिकवायचं. दोन वर्षांचा कोर्स. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं, आणि हायजिनिस्ट हा शब्द औरंगाबादेतच फारसा कुणाला माहीत नव्हता, तर आमच्या पिशोरला कुठून असणार?

*

ॲडमिशन झाली तशी दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, गावात सांगून टाकलं, "भास्कर दाताचा डॉक्टर व्हायलाय." पहिल्या सुट्टीत घरी गेलो तर शेजारचे नामदेवतात्या ओट्यावर येऊन बसले.

"म्हंजी आता तू डॉक्टर?"

"नाय तात्या. डॉक्टरच्या हाताखाली. लोकांचे दात साफ करायचे, कसे घासायचे ते शिकवायचं."

तात्यांनी तोंडातली लिंबाची काडी बाहेर काढली. सत्तरीचा माणूस, पण बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर.

"आन् हे शिकायला दोन वर्षं लागत्यात?"

दादांनी घाईघाईनं शेतातल्या अद्रकीच्या भावाचा विषय काढला. मी हसलो खरा, पण मनाला लागलं. मेडिकलला मार्क कमी पडले होते आणि हाती आलं ते मी धरलं होतं. या कामाचा मला लळा लागला तो पुढं, हळूहळू.

*

आमचे सिद्दिकी सर. उंच, खादीचा पांढराशुभ्र शर्ट, आणि दम भरायचा तोही अदबीनं! पहिल्याच दिवशी त्यांनी आम्हा आठही जणांच्या तोंडात एक लाल औषध घातलं. दातांवर जिथं मळ असेल तिथं ते चिकटतं. चूळ भरली आणि एकमेकांकडे बघितलं, तर सगळ्यांचीच तोंडं लालभडक.

सर म्हणाले, "दुसऱ्याच्या तोंडात बोट घालण्याआधी स्वतःचं तोंड बघून घ्या, हजरत!"

तो रंग काही लगेच जात नाही. शाहीन तशीच घरी गेली. दारात तिच्या अम्मी उभ्या.

"पहलेच दिन कॉलेजमें पान खाई क्या गे?"

"नै अम्मी, पान कायका? ये मेरा मैल है!"

अम्मी म्हणाल्या, "पान खाई बोलती तोबी चलता था."

*

पेशंटच्या तोंडाला हात लावण्याआधी नकली दातांवर सराव असायचा. त्या दातांवर नेलपॉलिश लावायचं, सुकू द्यायचं आणि किटण समजून हत्यारानं खरवडायचं. मुलींकडं नेलपॉलिश होतंच. मी आणि मधुकर गुलमंडीवर दुकानात गेलो. मधुकर माझा रूम पार्टनर, करमाडचा, अंगानं पैलवान.

दुकानदारानं विचारलं, "कुणासाठी पाहिजे?"

मधुकर खरं बोलणारा माणूस. "दाताला लावायचंय."

दुकानदारानं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "भाऊ, आधी डॉक्टरला दाखवा."

*

मधुकरच्याच गावी, करमाडला, शाळेत शिबिर होतं. शाहीननं मोठा थोरला नकली जबडा घेऊन घासायचं कसं ते झकास दाखवलं. मग विचारलं, रोज ब्रश कोण कोण करतं? सगळे हात वर. सर म्हणाले, उद्या आपापले ब्रश आणा, घासून दाखवा.

दुसऱ्या दिवशी निम्म्या वर्गाकडं ब्रश होते. चौथीतली एक मुलगी मात्र सारखी दाराकडं बघत होती. शाहीननं विचारलं, "तुझा ब्रश कुठंय?"

"भावाकडंय. त्यो सातवीला हाय, त्याचा नंबर आधी. मंग माझा, मंग आईचा."

आम्हाला हसू आलं. शाहीनला नाही आलं. 'प्रत्येकाचा ब्रश वेगळा हवा' असं लिहिलेला तक्ता तिच्या हातात होता. तो तिनं उलटा करून टेबलावर ठेवला आणि त्या पोरीला बोटानं हिरड्या चोळायला शिकवलं. शिबिराच्या रिपोर्टमध्ये यातलं काही आलं नाही. मला विचाराल तर त्या दोन वर्षांत मी शिकलेला सर्वांत मोठा धडा तोच.

*

आता आमच्यातली एक लाजिरवाणी रीत सांगतो. शेवटच्या प्रॅक्टिकलला प्रत्येकानं आपला पेशंट आपण आणायचा असतो, आणि तोही भरपूर किटण असलेला. स्वच्छ दातांवर परीक्षा काय देणार? त्यामुळं परीक्षेच्या आधी चार-सहा महिन्यांपासून सगळे चांगली घाण तोंडं हेरून ठेवायचे. 'पेशंट राखणं' म्हणायचो आम्ही त्याला. एरवी साऱ्या जगाला दात घासा म्हणून सांगायचं, आणि आपल्या राखीव माणसाला हात जोडून विनवायचं, "तेवढे परीक्षेपर्यंत राहू द्या!"

माझा राखीव माणूस होता एक रिक्षावाला, हनीफभाई. दिवसाला दहा-बारा पुड्या गुटखा. दात असे, की बाकीचे सात जण माझ्यावर जळायचे. परीक्षेच्या दिवशी हनीफभाई वेळेवर आले. इस्त्रीचे कपडे, डोळ्यांत सुरमा. खुर्चीत बसले आणि तोंड उघडलं. आत लख्ख उजेड!

"हनीफभाई, ये क्या किया?"

"कलच एक डॉक्टरके पास जाके साफ करवा लिया. तुम्हारी इत्ती बडी परीक्षा, गंदा मुँह लेके कैसा आता भाई?"

मी नापास झालो. राग तरी कुणाचा करणार? त्या माणसानं माझी इज्जत राखली होती.

आमच्या वेळी संधी दोनच मिळायच्या. दुसऱ्यांदा नापास झालं की कोर्स सुटला. दादा म्हणाले, "ह्या खेपंला नाय झालं तर गुमान घरी ये. अद्रकीला माणूस लागतोच." ते रागानं म्हणाले नव्हते, म्हणून जास्तच भीती वाटली. तोवर मला कळून चुकलं होतं की मला हेच करायचंय. दात साफ झाल्यावर माणूस जिभेनं ते चाचपून बघतो आणि नकळत हसतो, ते बघायची मला सवय लागली होती.

*

मग सहा महिन्यांनंतरच्या फेरपरीक्षेसाठी मी कौसामावशीला राखलं.

आम्ही जेवायचो त्या खानावळीत ती भाकरी करायची. पन्नाशीची, रेटून बोलणारी. भाकऱ्या उरकल्या की एका फुटक्या तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि ती मिश्री दातांना लावत बसायची. न्हाण आल्यापासूनची सवय! खालच्या दातांमागं किटणाची अशी भिंत होती, की दात वेगळे मोजता येत नव्हते.

"मावशी, सहा महिने कुणाला हात लावू देऊ नका. तुमच्या दातावर माझं सगळं आयुष्य हाय."

"ह्या दातावर? बरं बाबा, ऱ्हाऊ दे."

मध्ये दोनदा ती म्हणाली, हिरड्यांतून रक्त येतंय. मी म्हणालो, थोडी कळ काढा. हे मी म्हणालो! ज्या आजारावर इलाज करायला शिकत होतो, तोच आजार मी परीक्षेसाठी वाढू देत होतो. आज हे सांगताना शरम वाटते. तेव्हा वाटली नव्हती, हे त्याहून वाईट.

परीक्षा पंधरा दिवसांवर आली. एक दिवस भाकरी वाढता वाढता मावशी खाली बघून म्हणाली, "भास्करा, पंधरा दिस लईच का रे लांब हायेत?"

"का हो?"

"सून पोराला घिऊन आलीय म्हायेराहून. तीन म्हयन्याचा झालाय. मी जवळ घेतला की ती बोलत नाय काय, पण तोंड फिरवती. पोरगंबी रडतं. माझ्या तोंडाचा वास लई येतो, मला ठावं हाय."

मी जेवत राहिलो. मधुकर शेजारी बसला होता. तो ताट सरकवून उठला. तो कधी अर्धं ताट टाकून उठणारा माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मावशीला कॉलेजात नेलं. दोन बैठका लागल्या. भिंतीचे तुकडे निघाले तेव्हा सिद्दिकी सर मागं येऊन उभे राहिले.

"ये तुम्हारी परीक्षावाली पेशंट है ना?"

"हो सर."

सरांनी वाकून मावशीच्या तोंडात बघितलं. मग म्हणाले, "खालच्या डाव्या बाजूला अजून राहिलंय. नीट करा."

काम संपल्यावर मावशीनं जीभ फिरवली आणि ती हसली. मग एकदम थांबली. "आन् तुझ्या परीक्षंचं रे?"

"बघू मावशी, दुसरं कुणी मिळंल." आता मिश्री सोडा आणि रोज दोनदा घासा, एवढं मी तिला बजावलं.

*

मिळाला एक. चिकलठाण्याच्या कंपनीतला वॉचमन. त्याला सगळं समजावलं, अगदी 'आधी साफ करून येऊ नका' हेसुद्धा. परीक्षेच्या दिवशी नऊ वाजले, साडेनऊ वाजले. तो आलाच नाही. त्याला डबल ड्यूटी लागली होती, ते मागाहून कळलं.

बाहेरगावचे परीक्षक आले. सगळ्या खुर्च्यांवर पेशंट, माझी तेवढी रिकामी. ते म्हणाले, "पेशंट नाही? मग मी काय तपासू?" सिद्दिकी सर खाली बघायला लागले. मी ॲप्रनची बटणं काढायला हात घातला.

तेवढ्यात कौसामावशी तोंडाला पदर लावून आत आली आणि कुणाला न विचारता माझ्या खुर्चीत बसली.

मी हळूच म्हणालो, "मावशी, उपयोग नाय. तुमचे दात साफ झालेत."

तिनं पदर काढला. दात काळेकुट्ट!

परीक्षकांनी आरसा घातला, वर बघितलं, खाली बघितलं. "किटण नाही हे. नुसते डाग आणि मळ आहे, ताजा. अलीकडेच कुणीतरी साफ केलेत, आणि चांगले साफ केलेत. कुणी केले?"



"ह्यानंच," मावशी म्हणाली. "पंधरा दिस झाले. नातवाला जवळ घेता यावं म्हून केले त्यानं. मंग मला मधुकरानं सांगितलं, आता ह्याची परीक्षा बुडती म्हून. तवापास्नं म्या दात घासले नायत. चूळबी भरली नाय. मिश्री दिसातून पाच-पाच बार लावली."

परीक्षकांनी आरसा बाजूला ठेवला. "आणि नातू?"

"लांबूनच बघितला की. त्याला काय कळतंय?"

परीक्षकांनी खुर्चीचा दिवा स्वतःच्या हातानं ओढून तिच्या तोंडावर धरला आणि माझ्याकडं बघितलं.

मावशीनं पदर खोचला, मान मागं टेकली आणि मला म्हणाली, "आता कर चटदिशी. अकराला उठतंय पोरगं."