मोआला थंडी वाजते

ग्लेनिस हार्कनेसबाई सुपरमार्केटात गेल्या की बटाटे राहायचे बाजूला, आणि बाई म्हाताऱ्यांच्या पापण्या बघत उभ्या. लोकांना वाटायचं, बाईंचं डोकं फिरलंय. पण चौतीस वर्षं सिनेमा-टीव्हीसाठी खोटे प्राणी करणाऱ्या माणसानं आणखी बघायचं तरी काय? मोजा शिवून केलेल्या मेंढीपासून सुरुवात केली होती बाईंनी. पापणी कुणीही उघडतं, मिटायला किती वेळ लागतो त्यात जीव असतो, हे त्यांचं ठाम मत. आणि पेटीत ठेवण्याआधी प्राण्याचे डोळे मिटायचेच. उघड्या डोळ्यांवर झाकण टाकणाऱ्याला बाई आपल्या कामाच्या शेडमधून हाकलून देत.

वेलिंग्टनच्या मिरामारमधल्या त्या शेडमध्ये त्यांनी शेवटचा प्राणी केला तो मोआ, तोही मादी. शेकडो वर्षांपूर्वी नामशेष झालेला, माणसाहून उंच, बिनपंखी पक्षी. त्याच्या पोटात शिरून चालायचा सिओने फिफिता, मूळचा टोंगा बेटांवरचा, आडदांड आणि तोंडाळ. मान आणि डोळे बाईंच्या हातातल्या रिमोटवर.

ज्या टीव्ही मालिकेसाठी मोआ केला, तिचा दिग्दर्शक ब्रोडी लस्क वयानं लहान, पण घाई मोठी. "शुक्रवारी टेकडीवर चाचणी घेऊ. नाही जमलं, तर मोआ कॉम्प्युटरवर करू," तो म्हणाला. दोन वर्षांचं काम अडगळीत जाणार होतं. बाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही.

"घाबरतेस कशाला, म्हातारे?" सिओने म्हणाला.

"ब्रोडी अजून माझ्याशीच बोलतो रे. 'तुमच्या पक्ष्याला वळवा,' म्हणतो. पक्ष्याशी बोलला की समजायचं, जमलं."

शुक्रवारी दक्षिणेचा वारा असा सुटला की कॅमेऱ्याची छत्री उडाली. पहिल्याच शॉटला मोआची डावी पापणी अर्ध्यावर अडकली. थांबलं तर संपलंच. बाईंनी रिमोटवर मोआची मान हळूच वळवली आणि उजवा, धड डोळा ब्रोडीकडे केला. पक्षी एका डोळ्यानं बघतातच की! मग त्या डोळ्याची पापणी मिटली, रेंगाळली, उघडली.

ब्रोडी कॅमेऱ्यामागून बाहेर आला. "अगं, इकडे बघ ना," तो मोआला म्हणाला. "घाबरू नकोस. हां, शहाणी गं माझी!"

मोआच्या पोटातून खुसखुस ऐकू आली. बाईंनी कुंपणाला टेकून डोळे पुसले. वाऱ्याचं निमित्त होतंच.

शॉट संपला. ब्रोडीचा हात अजून मोआच्या मानेवरच होता.

"ग्लेनिस, तुमचं जॅकेट द्या बरं पटकन. थरथरतेय बिचारी."

थरथरत होता तो आत हसणारा सिओने. पण बाईंनी जॅकेट काढून दिलं आणि त्या गार वाऱ्यात, दात वाजवत, नुसत्या स्वेटरवर उभ्या राहिल्या.